ऑलिव्हर हेविसाइड : तारेचा गुण ओळखणारा बहिरा शास्त्रज्ञ

आपल्या मालवण किनाऱ्यावर मृगाचा पाऊस लागला म्हणजे विहिरी भरतात, जांभ्या दगडाच्या गडग्यांवर शेवाळ चढतें, आणि ज्या घरांत टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येतें त्या घरांत एक जुनी तक्रार पुन्हां ऐकूं येऊं लागते. उन्हाळ्यांत जें चित्र क्षणांत पडद्यावर उमटत असे, तें आतां घटकाभर वाट पाहावयास लावतें. आमच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं असेंच झालें. टेलिफोनवर बोलणें मात्र स्वच्छ ऐकूं येत होतें. म्हणून तार चांगलीच आहे, दोष यंत्राचा आहे, असें आम्हीं ठरविलें आणि नवें मोडेम विकत आणलें. वेग होता तितकाच राहिला. पुढें एके दिवशीं लाइनमन आला. त्यानें रस्त्याकडेच्या खांबावरची पेटी उघडली आणि आंतला जोड दाखविला. खाऱ्या वाऱ्यानें तांब्यावर हिरवट गंज चढला होता व जोडांत पाणी शिरलें होतें. त्यानें दोन्ही टोंकें कापून, घासून नवा जोड केला; आणि त्याच संध्याकाळीं वेग पूर्ववत् झाला. जुनें मोडेम लावून पाहिलें, तर त्यावरही तोच वेग मिळाला!

जी तार कानाला निर्दोष वाटते ती इंटरनेटला सदोष कां ठरावी? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्याच्या गणितांतून मिळतें तो मनुष्य स्वतः कानानें अधू होता. शाळा सोडल्यावर त्यानें कोणत्याही विद्यापीठांत शिक्षण घेतलें नव्हतें. आणि त्याच्या शोधाची वाट त्याच्याच देशाच्या तारखात्यानें अडविली होती. त्याचें नांव ऑलिव्हर हेविसाइड. त्याचें चरित्र आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ऑलिव्हरचा जन्म १८ मे १८५० रोजीं लंडन शहराच्या कॅम्डन टाउन ह्या भागांत झाला. बाप थॉमस हा लांकडावर चित्रें कोरणारा कारागीर होता. परंतु त्या धंद्यास उतरती कळा लागलेली असल्यामुळें घरांत नेहमींच ओढगस्त असे. आई मुलींची एक लहानशी शाळा चालवून संसारास हातभार लावी. अशा घरांत हा धाकटा मुलगा वाढला. लहानपणींच त्याला लोहितज्वर झाला. तापांतून तो वांचला, पण त्याची श्रवणशक्ति कायमची मंद झाली. इतर मुलांचें बोलणें नीट ऐकूं येत नसल्यामुळें तो त्यांच्या खेळांत मिसळेना. एकांताची संवय त्याला येथूनच लागली आणि ती जन्मभर सुटली नाहीं.

अभ्यासांत तो हुशार होता. १८६५ सालीं एका सार्वजनिक परीक्षेस ५०० हून अधिक विद्यार्थी बसले होते. त्यांत त्याचा पांचवा क्रमांक आला. सृष्टिशास्त्रांत तो सर्वांच्या पुढें होता. भूमितींतील सिद्धांत पाठ करणें मात्र त्याला मुळींच आवडत नसे. वयाच्या सोळाव्या वर्षीं पैशाच्या अभावीं शाळा सुटली. पुढचें सारें शिक्षण त्यानें घरीं बसून, ग्रंथालयांतून पुस्तकें आणून, आपलें आपणच केलें.

एका बाबतींत मात्र तो भाग्यवान् होता. ज्यांनीं १८३७ सालीं इंग्लंडांत विजेचें तारायंत्र प्रथम चालू केलें त्या दोघांपैकीं एक, सर चार्ल्स व्हीट्स्टन, हा त्याच्या मावशीचा नवरा होता. त्याच्या सल्ल्यानें ऑलिव्हर न्यूकॅसल शहरीं गेला आणि १८६८ सालीं, अठराव्या वर्षीं, एका डॅनिश तार कंपनींत नोकरीस लागला. इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामध्यें समुद्राच्या तळाशीं घातलेल्या तारेवर संदेश पाठविणें व घेणें, आणि तारेंत बिघाड झाल्यास मोजमाप करून तो कोठें आहे हें शोधणें, असें त्याचें काम होतें.

तो काळ समुद्रांतील तारांचा होता. १८५८ सालीं अटलांटिक महासागरांतून पहिली तार घालण्यांत आली, तेव्हां व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोंचावयास सुमारें सोळा तास लागले. आणि ती तार थोड्याच आठवड्यांत निकामी झाली. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाच्या प्रचंड आगबोटीनें मुंबई व एडन यांच्या दरम्यान तार टाकली, आणि आपला पश्चिम किनारा समुद्रमार्गानें विलायतेशीं जोडला गेला. ह्या सर्व तारांना एकच रोग होता. एका टोंकाला दिलेला विजेचा स्पष्ट ठोका दुसऱ्या टोंकाला पसरट व अंधुक होऊन बाहेर पडे. घाईनें ठोके दिले तर एक ठोका दुसऱ्यांत मिसळून सगळाच गोंधळ होई. विल्यम थॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आला, त्यानें ह्याचें गणित मांडून दाखविलें होतें कीं, समुद्रांतील तारेची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. म्हणजे संदेशाचा वेग हा पाठविणाऱ्याच्या हातावर नसून मुख्यतः तारेच्या गुणावर अवलंबून असतो, ही गोष्ट तेव्हांच कळून आली होती.

तरुण हेविसाइडनें न्यूकॅसलच्या कचेरींत बसून आणखी एक चमत्कार पाहिला. एकाच तारेवरून एका दिशेनें जितक्या वेगानें संदेश जात, तितक्या वेगानें उलट दिशेनें ते येत नसत. इतर कारकून ही गोष्ट तशीच सोडून देत. हेविसाइड विचार करीत राहिला. समुद्रांतली तार किनाऱ्यावर आल्यावर तिला पुढें जमिनीवरच्या तारा जोडलेल्या असतात. ह्या तारांची लांबी व त्यांचा अडथळा दोन्ही बाजूंस सारखा नसतो. हा विषमपणाच ह्या भेदाचें कारण आहे, असें त्यानें गणितानें सिद्ध केलें आणि १८७७ सालीं तें प्रसिद्ध केलें. सगळी तार उत्तम असूनही शेवटचा थोडा भाग वाईट असला तर सर्व व्यवहार मंदावतो, हा धडा त्याला असा प्रत्यक्ष कामांतून मिळाला. खांबावरच्या पेटींतील आमच्या जोडाचा धडा याहून वेगळा नव्हता.

१८७३ सालीं त्याच्या हातीं मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाचा वीज व चुंबकत्व यांवरील नवा ग्रंथ पडला. त्यांतलें गणित त्याच्या आवाक्यापलीकडचें होतें. पण ह्या पुस्तकांत कांहीं तरी अपूर्व आहे हें त्यानें ओळखलें, आणि तें पुरतें समजून घेण्याचा निश्चय केला. १८७४ सालीं, चोविसाव्या वर्षीं, त्यानें नोकरी सोडली व तो आईबापांच्या घरीं परत आला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानें कोणाचीही नोकरी केली नाहीं. खोलीचें दार लावून, दिवा पेटवून, तो रात्रंदिवस वाचीत व लिहीत बसे. दहा-अकरा वर्षांनीं ह्या तपश्चर्येचें फळ दिसूं लागलें. मॅक्सवेलनें जी विद्या वीस समीकरणांत मांडली होती तिचें सार हेविसाइडनें चार समीकरणांत आणलें. आज जगांतल्या सर्व महाविद्यालयांत मॅक्सवेलचीं समीकरणें म्हणून जीं चार शिकविलीं जातात, त्यांना हें आटोपशीर रूप ह्याच मनुष्यानें दिलें. इंडक्टन्स, इंपीडन्स इत्यादि जे शब्द आपले विज्ञानाचे विद्यार्थी पाठ करतात तेही त्यानेंच प्रचारांत आणले.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. १८७६ सालीं ग्रॅहॅम बेलनें टेलिफोन शोधून काढला, आणि १८८२ सालीं मुंबईसही टेलिफोनचें एक्स्चेंज सुरू झालें. तारायंत्रावर केवळ ठोके जात; टेलिफोनवर मनुष्याचा आवाज जावयाचा होता. आवाज म्हणजे अनेक कंपनांचें मिश्रण. कांहीं कंपनें संथ, कांहीं द्रुत. थोड्या अंतरावर बोलणें ठीक ऐकूं येई. परंतु तार लांबली कीं, आवाज नुसता बारीक होत नसे, तर घोगरा व ओळखूं न येण्यासारखा होई. ह्याचें कारण काय?

हेविसाइडनें सांगितलें कीं, प्रत्येक तारेच्या जोडीला चार गुण असतात. पहिला अडथळा : तार जितकी बारीक व लांब, तितका तो अधिक. दुसरा साठवण : शेजारीं शेजारीं असलेल्या दोन तारा विजेचा कांहीं भाग आपल्यांत जिरवून ठेवतात, जशी कोरडी वाळू पाणी जिरविते. तिसरा गळती : वरचें वेष्टन खराब किंवा ओलें असलें म्हणजे वीज एका तारेंतून दुसरींत झिरपते. चौथा गुण सर्वांत चमत्कारिक, तो जडत्व : विजेचा प्रवाह एकदम सुरू होत नाहीं व एकदम थांबत नाहीं, जणूं त्याला वजन आहे. ह्या चौथ्या गुणाला त्यानें इंडक्टन्स हें नांव दिलें.

त्या वेळच्या बहुतेक तज्ज्ञांना वाटे कीं, हें जडत्व म्हणजे टेलिफोनचा शत्रु, तें होईल तितकें कमी करावें. हेविसाइडचें गणित नेमकें उलट सांगत होतें. आपल्यापैकीं जे रापण ओढावयास किनाऱ्यावर गेले असतील त्यांना हें चटकन कळेल. हलक्या सुतळीचें एक टोंक धरून झटका दिला तर लाट चार हातांवर जाऊन विरते. तोच झटका जाड, भिजलेल्या दोराला दिला तर लाट दूरवर धांवत जाते. दोराच्या अंगच्या वजनामुळें गति टिकून राहते. वाऱ्याचा अडथळा तिला लवकर मारूं शकत नाहीं. तारेंतही जडत्व वाढविलें तर लहर दूरवर जाते. आणि अडथळ्याचें जडत्वाशीं जें प्रमाण, तेंच गळतीचें साठवणीशीं असलें, तर संथ व द्रुत सर्व कंपनें सारख्याच वेगानें जातात व सारख्याच प्रमाणांत क्षीण होतात. मग पलीकडे पोंचणारा आवाज बारीक असेल, पण त्याचा आकार बिघडलेला नसेल. हा नियम त्यानें १८८७ सालीं लंडनच्या ‘इलेक्ट्रिशियन’ ह्या साप्ताहिकांत प्रसिद्ध केला.

येथेंच त्याच्या आयुष्यांतील मोठा कलह सुरू झाला. ब्रिटिश टपाल व तार खात्यांत विल्यम प्रीस हा विजेच्या कामाचा प्रमुख अधिकारी होता. त्याची कर्तबगारी मोठी होती. पुढें त्याला सर ही पदवीही मिळाली. टेलिफोनसाठीं लोखंडाऐवजीं तांब्याची तार वापरावी हा त्याचा सल्ला योग्यच होता. परंतु त्यानें दिलेलें कारण चुकीचें होतें. कारण जडत्व हें हानिकारक आहे असें तो जाहीरपणें शिकवीत असे. हेविसाइडचा वडील भाऊ आर्थर हा त्याच खात्यांत अभियंता होता. दोघां भावांनीं मिळून टेलिफोनवर एक निबंध लिहिला, व त्यांतील गणिताचा भाग ऑलिव्हरनें केला. खात्यांतील नोकराच्या निबंधाला वरिष्ठांची परवानगी लागे. तो निबंध प्रीसपुढें गेला, आणि तेथेंच अडला. त्याच वर्षीं ‘इलेक्ट्रिशियन’चा जुना संपादक गेला, आणि नव्यानें हेविसाइडची लेखमाला बंद केली. त्या लेखांबद्दल वर्षाकाठीं सुमारें ४० पौंड मिळत, तेवढीच त्याची कमाई होती. ज्याच्या हातीं अधिकार होता त्याला गणित कळत नव्हतें, व ज्याला गणित कळत होतें त्याच्या हातीं वर्तमानपत्राचा एक रकानासुद्धां राहिला नाहीं.

ह्या प्रसंगीं हेविसाइडचेंही थोडें चुकलें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. त्याची भाषा बोंचरी असे. प्रतिपक्षाची थट्टा करावयास मिळाली तर तो ती संधि सोडीत नसे. शिवाय त्याचें लिखाण इतकें दुर्बोध असे कीं, चांगले चांगले अभियंतेही तें वाचतां वाचतां मिटून ठेवीत. सत्य आपल्या बाजूस असलें तरी तें दुसऱ्यास समजेल अशा रीतीनें सांगणें, हेंही विद्वानाचें कर्तव्यच आहे.

तरीपण सत्य फार दिवस झांकून राहत नाहीं. १८८८ सालीं जर्मनींत हर्ट्झनें विजेच्या लहरी प्रयोगानें दाखविल्या आणि मॅक्सवेलच्या सिद्धांताकडे सर्वांचें लक्ष वेधलें. १८८९ सालीं लंडनच्या विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष ह्या नात्यानें सर विल्यम थॉमसन यानें आपल्या भाषणांत हेविसाइडच्या कामाचा मोठ्या गौरवानें उल्लेख केला. १८९१ सालीं तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. ज्यानें कधीं विद्यापीठांत शिक्षण घेतलें नव्हतें त्याला १९०५ सालीं गटिंगेन विद्यापीठानें सन्मानाची डॉक्टर पदवी दिली.

मान मिळाला, पण पैसा मिळाला नाहीं. तारेचें जडत्व वाढविण्यासाठीं तींत ठराविक अंतरावर तारेचीं वेटोळीं बसवावीं, ही कल्पना हेविसाइडनें सुचविली होती. परंतु तिचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. अमेरिकेंत मायकेल प्यूपिन ह्या प्राध्यापकानें, किती वेटोळीं, केवढीं व किती अंतरावर बसवावीं ह्याचा हिशेब करून १९०० सालीं तें पेटंट मिळविलें, आणि तेथील टेलिफोन कंपनीनें त्याला त्याबद्दल लक्षावधि डॉलर दिले. पुढें त्या कंपनीनें हेविसाइडलाही कांहीं रक्कम देऊं केली होती. पण शोधाचें संपूर्ण श्रेय मिळाल्यावांचून एक पैही घेणार नाहीं असें म्हणून त्यानें ती नाकारली, असें त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्या मित्रांनीं खटपट करून १८९६ पासून त्याला सरकारी वर्षासन मिळवून दिलें होतें. तें सालीना १२० पौंडांचें होतें.

त्या वेटोळ्यांनीं टेलिफोनच्या जगांत क्रांति केली. ज्या तारेवर पूर्वीं थोडेसेच मैल बोलतां येई तिच्यावर कितीतरी पट अंतर बोलतां येऊं लागलें. परंतु शंभर वर्षांनीं ह्याच उपायाची एक गंमत झाली, आणि तींतच आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे.

मनुष्याचें बोलणें टेलिफोनवर कळण्यास सेकंदास सुमारें ३०० पासून ३,४०० पर्यंतचीं कंपनें पुरेशीं होतात. आपल्या देशांत जानेवारी २००५ मध्यें सरकारी टेलिफोन कंपनीनें तांब्याच्या त्याच तारेवरून ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. त्याचीं कंपनें सेकंदास ११ लाखांपर्यंत, व पुढच्या सुधारलेल्या पद्धतींत २२ लाखांपर्यंत जातात. बोलणें जणूं रस्त्याच्या कडेच्या पाऊलवाटेनें चालतें आणि इंटरनेट सगळा रस्ता व्यापतें. हेविसाइडच्या मार्गानें बसविलेलीं वेटोळीं बोलण्याच्या कंपनांना साहाय्य करतात, पण त्यांच्या वरच्या सर्व कंपनांना दार बंद करतात. म्हणून अमेरिकेंत सुमारें ५.५ किलोमीटरांहून लांब असलेल्या ज्या तारांवर अशीं वेटोळीं होतीं, तेथें ब्रॉडबँड देण्यापूर्वीं तीं शोधून काढून टाकावीं लागलीं. उपाय खोटा नव्हता; प्रश्न बदलला होता.

उपाय बदलला, तरी चार गुणांचें गणित मात्र जसेंच्या तसें राहिलें. द्रुत कंपनांची वीज तारेच्या सगळ्या जाडींतून न वाहतां केवळ पृष्ठभागावरून वाहते, ही गोष्ट ज्यांनीं प्रथम सांगितली त्यांत हेविसाइड एक होता. त्यामुळें कंपन जितकें द्रुत तितका तारेचा अडथळा अधिक, आणि तें वाटेंतच अधिक क्षीण होतें. आपलें मोडेम हा सगळा रस्ता सुमारें ४,३०० कंपनांच्या अरुंद पट्ट्यांत विभागतें. सुधारलेल्या पद्धतींत अशा ५०० च्या आसपास पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टींत येणारा संदेश किती स्पष्ट व भोंवतालचा गोंगाट किती, हें तें मोजतें, आणि झेपेल तितकाच भार त्या पट्टीवर टाकतें. तार लांब असली कीं, वरच्या पट्ट्या मुक्या होतात व वेग उतरतो. एक्स्चेंजच्या अगदीं जवळच्या घरीं ही पद्धत सेकंदास २४ मेगाबिटांपर्यंत वेग देऊं शकते. चार-पांच किलोमीटरांवरच्या घरीं तोच वेग एक-दोन मेगाबिटांवर येतो. ०.५ मिलिमीटर जाडीची तार ०.४ मिलिमीटरच्या तारेपेक्षां अधिक दूर पोंचविते.

आतां जोडाचें पाहूं. गंजलेल्या जोडानें अडथळा वाढतो. जोडांत पाणी शिरलें तर साठवण व गळती दोन्ही वाढतात. शिवाय दोन तारांपैकीं एकीचाच जोड बिघडला तर त्या जोडीचा समतोल जातो, आणि शेजारच्या तारांचा व रेडिओचा गोंगाट आंत शिरतो. ह्या सर्वांचा मारा विशेषेंकरून वरच्या पट्ट्यांवर होतो. खालची पाऊलवाट शाबूत राहते. म्हणून बोलणें स्वच्छ ऐकूं येतें आणि आपण फसतों. कोंकणासारख्या प्रदेशांत, जेथें चार महिने पाऊस व बारा महिने खारा वारा, तेथें हा दोष अधिक आढळावा यांत नवल नाहीं. घरांतही एका खोलींतून दुसरींत नेलेली आणि आतां वापरांत नसलेली जुनी तार असली तर तिच्या मोकळ्या टोंकावर आपटून लहरी परत फिरतात व मूळ लहरींत मिसळून बिघाड करतात.

तेव्हां ज्यांच्या घरीं अद्याप तांब्याची तार आहे त्यांनीं नवें यंत्र आणण्यापूर्वीं इतकें करावें. बाहेरून तार जेथें घरांत येते तेथेंच मोडेम जोडून वेग पाहावा. बोलण्याची व इंटरनेटची वाट वेगळी करणारी लहानशी डबी नीट बसविली आहे कीं नाहीं हें तपासावें. मोडेमच्या स्वतःच्या पानावर डेसिबलांत दोन आंकडे दिलेले असतात : वाटेंत संदेश किती क्षीण झाला तो एक, व गोंगाटापेक्षां तो किती वर उरला तो दुसरा. पहिला जितका लहान व दुसरा जितका मोठा, तितकी तार चांगली. कोरड्या दिवसांत व पावसाळ्यांत हे आंकडे वहींत टिपून ठेवले, तर लाइनमनला दोष दाखविण्यास तोंडी तक्रारीपेक्षां ते अधिक उपयोगी पडतात. आतां पुष्कळ ठिकाणीं कांचतंतु आला आहे व त्याला तांब्याचा गंज चढत नाहीं. परंतु तोही फार वांकविला किंवा त्याचा जोड मळकट राहिला तर प्रकाश वाटेंतच हरवतो. वाट बदलली तरी वाटेचा गुण पाहावाच लागतो.

हेविसाइडच्या आयुष्याचा शेवट एकांतांत झाला. १८८९ सालीं तो आईबापांसह डेव्हनमधील पेन्टन गांवीं राहावयास गेला होता. १८९४ मध्यें आई वारली व १८९६ मध्यें बाप. १९०८ सालीं तो जवळच्या टॉर्की गांवीं गेला. कान अधिकच मंद झाले होते, प्रकृति ढासळली होती. पैसे न भरल्यामुळें घराचा गॅसही कधीं कधीं तोडला जाई. तरी बुद्धीचें तेज कमी झालें नव्हतें. १९०२ सालींच त्यानें लिहून ठेवलें होतें कीं, वातावरणांत फार उंचावर विजेचें वहन करणारा एखादा थर असावा व त्याच्यामुळें बिनतारी संदेश पृथ्वीच्या वळणानें दूरवर जात असावेत. त्याच वर्षीं अमेरिकेंत केनेली ह्यानेंही तेंच अनुमान केलें. १९२२ सालीं विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें नव्यानें सुरू केलेलें फॅरडे पदक पहिल्यानें ह्याच वृद्धास दिलें. तो समारंभास जाणारा नव्हे, म्हणून तें त्याच्या घरीं नेऊन देण्यांत आलें. १९२४ च्या डिसेंबरांत अॅपलटन यानें प्रयोग करून आकाशांतला तो थर खरोखरच आहे हें दाखविलें. त्यानंतर लवकरच हेविसाइड शिडीवरून पडला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें. पेन्टन येथें आईबापांजवळ त्याला मूठमाती देण्यांत आली.

विद्यार्थिमित्रहो, प्रीस हा दुष्ट मनुष्य नव्हता. तो अनुभवी होता, आणि आपल्या अनुभवास जें पटत नाहीं तें खोटेंच असलें पाहिजे, असें त्याला वाटलें. आमच्या घरीं आम्हींही हेंच केलें : कानाला स्वच्छ ऐकूं आलें म्हणून तार चांगली ठरविली आणि मोडेमचे पैसे फुकट घालविले. कानानें जें कळत नाहीं तें मोजमापानें कळतें, हें ज्यानें आपणांस शिकविलें त्याला स्वतःला धड ऐकूं येत नव्हतें. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत अडथळा मोजण्याची जी व्हीट्स्टनची पेटी आहे, तिच्यावर ह्याच मनुष्यानें तरुणपणीं एक महत्त्वाचा निबंध लिहिला होता. पुढच्या वेळीं प्रयोग करतांना आंकडा अपेक्षेप्रमाणें आला नाहीं, तर तो खोडून शेजाऱ्याचा उतरून घेण्यापूर्वीं क्षणभर न्यूकॅसलच्या त्या तरुण कारकुनाची आठवण करावी, आणि हा आंकडा असा कां आला, हें शोधावें.